अख्खा अल्बम : कोल्हापूरकरांनो, तुमचा कोणता? (अनुभव धागा)

परवा गाडीत 'गारवा' हा अल्बम लावला होता. मी सोबत गुणगुणत होतो आणि एका कडव्यात मध्येच गप्प झालो. शेजारी बसलेली माझी पोरगी म्हणाली, "बाबा, गाणं चालूच आहे की!"

तिला काय सांगणार? माझ्या कॅसेटमध्ये ते तिथंच तुटायचं. कॉलेजात असताना महाद्वार रोडच्या एका दुकानात कोरी कॅसेट देऊन भरून घेतली होती. फीत संपत आलेली दिसत असूनही त्या भल्या माणसानं पुढचं गाणं सुरू केलं, आणि बरोबर कडव्यात खट्! पैसे मात्र पुरते घेतले. सौमित्रच्या कवितेनंतर मिलिंद इंगळेंचं कोणतं गाणं येणार हे आजही झोपेत सांगेन, पण त्या एका गाण्याचा शेवट माझ्या डोक्यात बसतच नाही.

म्हणून हा धागा. एकटंदुकटं गाणं नको, अख्खा अल्बम सांगा आणि तो तुमच्याकडे कसा आला तेही सांगा. 'संगीत म्हणजे जीवन' वगैरे कृपया नको.

शाहूपुरी

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री या रागांची एलपी. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या आणि किशोरीताई मोगूबाईंची लेक. त्यामुळे आमचे आजोबा या रेकॉर्डला 'घरचा माल' म्हणायचे. जणू आमच्याच परड्यात पिकलेला!

2019 च्या पुरात तळमजला गेला. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर कव्हरांचा लगदा झालेला, तबकड्यांवर चिखल. आईनं एकेक तबकडी नळाखाली धुतली आणि ताटं निथळत ठेवायच्या जाळीत उभी केली. तबकड्या वाचल्या, लेबलं गेली. आता कुठली बाजू भूप आणि कुठली बागेश्री हे सुई टेकल्यावरच कळतं. आई भाजी चिरत असते. भूपातलं 'सहेला रे' निघालं तर विळी आडवी होते. बागेश्री निघाली तर म्हणते, "असू दे, आता लागलीय तर." ती पलटायला उठत नाही, आणि मलाही उठू देत नाही.

उद्यमनगर

आमचा 'सैराट'. चारच गाणी हायत, अल्बम म्हणायचा का न्हाई ते तुमी ठरवा. रातपाळीला लावतो. एक फेरी वीस-एकवीस मिनिटांची, तेवढ्यात माझं तीन जॉब निघत्यात. 'झिंगाट' मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते लागलं की शेजारच्या मशिनवरचा गडी मापायचा व्हर्नियर खाली ठेवून नाचायलाच लागतोय. अजय-अतुलनी त्यातला वाद्यवृंद पार लॉस एंजेलिसात जाऊन रेकॉर्ड केलाय. 'याड लागलं' मधली व्हायोलिनं लेथच्या घरघरीत बी ऐकू येत्यात. साहेब म्हणत्यात आवाज कमी करा. कमी केल्यावर ऐकू कसं यायचं, सांगा की!

(धागाकर्ता : धरला हो. चार तर चार.)

राजारामपुरी

'कॉल ऑफ द व्हॅली', 1967. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. आमच्याकडे मात्र वडील दुकान बंद करून, जेवून मग लावायचे. त्यामुळे त्यातला पहिलाच अहिर भैरव हा सकाळचा राग आहे हे मला विशीत कळलं. माझ्यासाठी तो दहाच्या सुमाराचा, मुखशुद्धीच्या बडीशेपेचा राग आहे. जाणकारांनी माफ करावं. नाही केलं तरी चालेल.

रंकाळ्याजवळून

माझा अल्बम म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा पेन ड्राइव्ह. गणपतीचे दहा दिवस, दरवर्षी तीच गाणी, त्याच क्रमानं. निवड माझी नाही, पाठांतर मात्र चोख.

गंगावेश

'गीतरामायण'च्या कॅसेटींचा संच. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी सुरू झाली, तेव्हा आजी परकरी पोर होती. शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर बसून ऐकायची. संगीतकार बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, जन्म कोल्हापूरचा, हे ती गदिमांच्या प्रत्येक ओळीआधी सांगायची.

संचातल्या बाकी सगळ्या कॅसेटींवरची अक्षरं बोटांनी पुसली गेली होती. शेवटची मात्र कोरी करकरीत. त्यात सीता लक्ष्मणाला जाब विचारते ते गाणं आहे. आजी म्हणायची, "राज्याभिषेक झाला ना? मग बंद कर ते."

आजी गेल्यावर पहिल्यांदा ती लावली. इतकी वर्षं न फिरलेली फीत, टेपरेकॉर्डरनं दुसऱ्याच मिनिटाला गिळली. पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळून घेतली आणि डबीत परत ठेवली. गाणं मोबाइलवर आहे, मला माहितीय. अजून ऐकलेलं नाही.