सुरी घरातलीच, म्हणून शिक्षा कमी?
घरातल्याच माणसाने केलेल्या खुनांना शिक्षा कडक केली की प्रश्न सुटतो, असे एक मत मांडले जाते; ते इंग्लंड-वेल्सपुरते तरी अपुरे वाटते. तेथे खुनाला जन्मठेप अनिवार्यच आहे. मात्र पॅरोलचा, म्हणजे अटींवर सुटकेचा, विचार होण्यापूर्वी किमान किती वर्षे तुरुंगात काढायची हे न्यायाधीश ठरवतात, आणि २०१० पासून सुरा बाहेरून घटनास्थळी नेला असेल तर ही मोजणी २५ वर्षांपासून, स्वयंपाकघरातलीच सुरी उचलली असेल तर सहसा १५ वर्षांपासून सुरू होते. म्हणजे बायकोला तिच्याच घरात मारणाऱ्याला दहा वर्षांची सूट! घरगुती खुनांच्या शिक्षांचा सरकारसाठी आढावा घेणाऱ्या वकील क्लेअर वेड यांच्या २०२३ च्या अहवालाने या विसंगतीवर बोट ठेवले. २०२४ पासून मृत व्यक्तीवर आधी गाजवलेली हुकूमत, म्हणजे तिचे पैसे, फोन, माहेरची ये-जा यांवरचा पहारा, ही शिक्षा वाढवणारी बाब ठरली; उलट छळ सोसलेल्या व्यक्तीनेच छळणाऱ्याला मारले असेल, तर तोच छळ शिक्षा कमी करणारा ठरतो. वर्षानुवर्षे छळणाऱ्या पतीला मारणाऱ्या सॅली चॅलन यांची खुनाची दोषसिद्धी २०१९ मध्ये रद्द झाली, पण ती रद्द होण्याचे श्रेय सरसकट अशा हुकूमतीला गुन्हा ठरवणाऱ्या २०१५ च्या छळविरोधी कलमाला देऊ नये. तेथे निर्णायक ठरला तो मानसोपचारतज्ज्ञाचा नवा पुरावा.