प्लॅन-एलिव्हेशनवरून घराचं थ्रीडी: फेस बनत नाहीत, खिडक्या जुळत नाहीत

लाइनदोरी
तळमजला अधिक एक. डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडची फाइल) दोन प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), चार एलिव्हेशन (बाहेरून समोर दिसणाऱ्या बाजू) आणि जिन्यातून घेतलेला एक सेक्शन (उभा छेद) आहे. स्केचअप या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये आयात केलं, पण भिंतीच्या दोन रेषांमध्ये फेस (भरीव पृष्ठभाग) तयार होत नाही, म्हणजे पुश-पुलने तो ओढून भिंत उचलण्याचा प्रश्नच नाही. झूम करताना रेषा थरथरतात. शिवाय एका खिडकीच्या जागेत प्लॅन आणि एलिव्हेशनमध्ये ६० मिमीचा फरक आहे. खरं कुठलं मानायचं?

ओळंबा
थरथर म्हणजे ड्रॉइंग मूळ बिंदूपासून फार लांब पडलंय. सर्व्हेचे कोऑर्डिनेट असलेल्या साइट प्लॅनमधून घर उचललं की हे हमखास होतं. ऑटोकॅडमध्येच घराचा एक कोपरा ०,०,० वर आणा आणि मग आयात करा.

फेस न बनण्याची कारणं बहुधा दोन: टोकांमधली बारीक फट, किंवा एखाद्या टोकाचा झेड (उंचीचा आकडा) शून्य नसणं. वरून बघताना दोन्ही दिसत नाहीत. एक टोक २ मिमी वर असलं तरी चौकोन एका प्रतलात राहत नाही. ऑटोकॅडमध्ये आधी फ्लॅटन (सगळं एका पातळीत आणायला), मग ओव्हरकिल (एकावर एक आलेल्या रेषा काढायला), शेवटी पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढायला). मापं, हॅच, फर्निचरचे लेयर काढून टाका. आयातीच्या वेळी एकक मिलिमीटर निवडा, नाहीतर २३० मिमीची भिंत २३० इंचांची होते.

खरं तर आयात केलेल्या रेषांना फेस देत बसूच नका. अख्खा प्लॅन ग्रुप करून लॉक करा आणि त्यावर भिंती नव्याने काढा, दार-खिडक्यांची जागा न सोडता सलग. भोकं नंतर पाडता येतात. तुकड्या-तुकड्यांनी भिंती उचलल्या की सांध्यांच्या रेषा पुसण्यातच दिवस जातो.

गुण्या
आडवी जागा प्लॅनवरून, उंची सेक्शनवरून. एलिव्हेशन फक्त ताडून बघायला. लिहिलेलं माप आणि मोजलेली रेषा वेगळी असेल तर लिहिलेलं धरा. प्लॅन वीटकामाचा आणि एलिव्हेशन प्लास्टरसकट असेल तर १५-२० मिमी इकडेतिकडे होणारच. ६० त्यात बसत नाही, ते ड्रॉइंग करणाऱ्यालाच विचारा.

एलिव्हेशन उभं केलं की भिंतीला टेकवू नका, १० मिमी बाहेर ठेवा. एकाच प्रतलात दोन फेस आले की लुकलुकतात. मागचं एलिव्हेशन उलटं दिसलं तर आरशासारखं पलटू नका, उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरवा.

आणि सिल (खिडकीची खालची कड), लिंटेल (वरची पट्टी) तयार फरशीपासून मोजा. प्लिंथ (जमिनीपासून जोत्याची उंची) ४५० असेल तर ९०० ची सिल जमिनीपासून १३५० वर येते. एलिव्हेशनवर हे विसरलं की सगळ्या खिडक्या खाली बसतात. भोक आरपार जात नसेल तर आतला फेस समांतर नाही.

लाइनदोरी
झेड शून्य केला, फेस झाले. सेक्शनमध्ये फरशी ते फरशी ३०००, स्लॅब १२५, म्हणून भिंती २८७५ उचलल्या. जिना मात्र अडला. प्लॅनमध्ये प्रत्येक फ्लाइटला (जिन्याच्या सलग टप्प्याला) ८ ट्रेड (पाय ठेवायच्या पायऱ्या) दिसतात, राइजर (एका पायरीची उंची) १५० धरला तर वरच्या मजल्याला पोहोचतच नाही.

गुण्या
८ ट्रेड म्हणजे ९ राइजर, कारण शेवटच्या राइजरवर लँडिंग (मधला सपाट टप्पा) किंवा मजलाच येतो. दोन फ्लाइटचे १८. १५० ने २७०० होतात, ३०० कमी. ३००० ला १८ ने भागा: १६६.६७. प्लॅन काढणाऱ्याने तोच धरलेला दिसतो. १५० च हवा असेल तर २० राइजर, फ्लाइटला ९ ट्रेड. २५० च्या ट्रेडने फ्लाइट २००० ऐवजी २२५० होते. लँडिंग न कापता तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

ओळंबा
रेंडरला (अंतिम चित्र बनवायला) देण्याआधी एकदा मोनोक्रोम फेस स्टाइल लावा. बाहेरून निळसर-करडे दिसतात ते उलटे फेस. रिव्हर्स फेसेस करा, नाहीतर काही रेंडररमध्ये तिथलं मटेरियल येतच नाही. कॅमेरा जमिनीपासून १६०० मिमीवर ठेवून टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह घ्या, म्हणजे उभ्या कडा वर जाताना तिरक्या होणार नाहीत.