आरडी ३५०ला पुढे डिस्क बसवली की गाडी बाटते का?

घाटकरी (धागाकर्ता)
राजदूत ३५०ला, म्हणजे आपल्याकडच्या आरडीला, पुढे डिस्क ब्रेक दिसला की जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मंडळी नाक मुरडतात. ‘चांगली गाडी बाटवली’ हे वाक्य ठरलेलं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. यामाहाची आरडी ३५० १९७३ मध्ये अमेरिकेत विकायला आली ती पुढे डिस्क घेऊनच. आपली राजदूत ज्या आरडी ३५०बीवरून बेतली, तिलाही डिस्कच होती. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने ती इथे आणली तेव्हा किंमत आवाक्यात ठेवायची म्हणून डिस्क गेली आणि सात इंची ड्रम ब्रेक आला. म्हणजे ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणून कवटाळतो ती कंपनीची काटकसर आहे. डिस्क बसवणारा गाडीचं तिला परत देतो.

दुसरं, आरडी टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडला की इंजिननेच गाडी आवरणं) जवळपास नसतंच. बुलेटवाला पसरणी घाट खालच्या गिअरवर निवांत उतरतो, आरडीवाला वाई येईपर्यंत लिव्हर दाबत बसतो. खाली पोचेपर्यंत ड्रम तापून ब्रेक निम्मा झालेला असतो. आणि २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला चाक जाम होऊ न देणारं एबीएस आहे. पुढचा पोरगा जागेवर थांबतो. तुम्ही थांबता का?

किकमारे
थांबतो. रोज थांबतो. चाळीस वर्षांची गाडी चालवताना अंतर ठेवायचं असतं, एवढी साधी गोष्ट आहे. आणि काटकसर म्हणाल तर इंजिनातही केली होती. परदेशात ३९ अश्वशक्ती, इथे हाय टॉर्क मॉडेलला साडेतीस, लो टॉर्क मॉडेलला २७. मग तेही ‘परत द्या’! सगळं परत देत गेलात तर राजदूत उरेल का? आपल्याकडची आरडी हीच, ड्रमवाली. तिचा इतिहास तोच आहे.

घाटकरी
इंजिन कमी ताकदीचं असलं तर उशिरा पोचतो. ब्रेक कमी ताकदीचा असला तर एसटीच्या मागच्या बंपरपर्यंत पोचतो. दोन्ही एका पारड्यात नका घालू.

गॅरेजवाला_कोल्हापूर
भावांनो, ड्रम लागत नाही म्हणून गाडी आमच्याकडं येते तेव्हा दहातल्या नऊ गाड्यांत ड्रमचा दोष नसतो, बसवणाऱ्याचा असतो. हा ट्विन लीडिंग शू आहे. दोन शू (ड्रमला आतून घासतात ते), दोन कॅम (शू बाहेर ढकलतात ते), मध्ये जोडणारा रॉड. केबल एकच कॅम ओढते, दुसरा त्या रॉडनं फिरतो. रॉडची लांबी चुकली तर एकच शू टेकतो, दुसरा नुसता बघत बसतो. लोक काय करतात? केबल ताणत जातात. त्यानं काही होत नाही.

आधी ड्रम लेथवर लावून बघा, लंबगोल झालाय का. झाला असला तर थोडा कट मारून घ्या, पण जपून, ड्रम पातळ झाला की लवकर तापतो. मग लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, चांगल्या ठिकाणी चिकटवून आणा आणि ड्रमच्या गोलाईला घासून बसवा. नवा लायनर मधेच टेकतो, कडेला टेकतच नाही, हे कुणी बघत नाही. शूच्या पुढच्या टोकाला जरा उतार द्या, म्हणजे ब्रेक एकदम चावत नाही. मग रॉड सैल करून दोन्ही शू एकाच वेळी टेकतील असा लावा. शेवटी एक्सलचा नट ढिला ठेवून चाक फिरवा, ब्रेक दाबून धरा आणि तसाच दाबलेला असताना नट आवळा. प्लेट आपोआप मधोमध बसते. केबल नवी. एवढं करा आणि मग मला सांगा डिस्क पाहिजे का.

आणि जुना ड्रम उघडला की फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्यानं पुसा.

घाटकरी
गॅरेजवाले, हे सगळं मान्य, आणि धाग्यातला हा सर्वात उपयोगी प्रतिसाद. पण इतकं मन लावून करणारा मेकॅनिक प्रत्येक गावात आहे का? शिवाय उत्तम लावलेला ड्रमसुद्धा पहिल्या तीन-चार ब्रेकला उत्तम असतो. घाटात सतत दाबला की तापणारच. आणि चढावर थांबलो की गाडी मागे घसरते, कारण हे दोन्ही शू फक्त पुढच्या दिशेनेच नीट पकडतात. त्यावर रॉड लावून उपाय नाही.

रेनकोट
मूळ डिस्कचं इतकं कौतुक करताना एक विसरताय. सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्यांच्या स्टेनलेस डिस्क पावसात बदनाम होत्या. लिव्हर दाबली की आधी काहीच नाही, पाणी पुसलं गेलं की मग एकदम पकड. महाबळेश्वरच्या पावसात ती ‘ओरिजिनल’ डिस्क घालून दाखवा. बसवायचीच तर आजची बसवा, आणि मग तो ‘परत देतो’वाला मुद्दा सोडा.

नियमवाचक
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. ब्रेकचा प्रकार आरसीवर नसतो, त्यामुळे एवढ्याने सहसा अडत नाही. पण २०२१ च्या व्हिंटेज नियमांत गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात राखलेली हवी. १९८३ ची राजदूत २०३३ नंतर तिथे बसेल. तेव्हा व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर हवा असेल तर ड्रम सांभाळून ठेवा. अर्थात तो नंबर घेतला की रोजची फिरस्ती बंद, प्रदर्शन, रॅली वगैरेंपुरतीच परवानगी.

म्युनिककर
जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला ‘एच’ अक्षराची नंबरपाटी मिळते आणि तपासनीस त्या काळात होत असत तसे बदल साधारणपणे चालवून घेतात. पण ब्रेक बदलला की तपासणी करून कागदावर चढवावाच लागतो. तिथे वाद शुद्ध-अशुद्धाचा नसतोच, जोड कुणी आणि कशी केली याचा असतो.

गॅरेजवाला_कोल्हापूर
हेच म्हणतोय. आपल्याकडं बघणारं कोण आहे? ड्रमवाल्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) पायाला कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारा भाग, धरायला जागाच नसते. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला पत्रा वेल्ड करतात. वेल्ड कधी सुटेल सांगता येत नाही, आणि सुटलं की कॅलिपर सरळ आऱ्यांत जातो. असली डिस्क असण्यापेक्षा तापलेला ड्रम परवडला. पुढचं टायर ३.००-१८, त्याची पकड आहे तेवढीच. घाबरून दाबली की चाक जाम.

किकमारे
गॅरेजवाल्यांना चहा!

घाटकरी
वेल्डिंगला माझाही विरोधच आहे. फोर्कचे पाय डिस्कवालेच घ्यायचे, चाकासकट सगळा सेट बदलायचा, मूळ सेट तेल लावून माळ्यावर. एकही भोक न पाडता. नियमवाचकांच्या २०३३ साठीही तेच सोयीचं.

गॅरेजवाला_कोल्हापूर
मग तसं पहिल्या पोस्टमध्येच लिहायचं होतं की. तुमची वाचून चार पोरं उद्या वेल्डरकडं जातील. आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ब्रेकचं तेल ढकलतो तो) कुठला घेणार? कॅलिपरचा पिस्टन मोठा आणि मास्टरचा बोअर लहान झाला तर लिव्हर हँडलला टेकते. उलटं झालं तर दगडासारखी कडक, पकड नाही. कॅलिपर ज्या गाडीचा, मास्टरही त्याच गाडीचा घ्या. फोर्कची जाडी मोजून सांगा, कुठले पाय बसतील ते बघू.