मदत हवी आहे: बाबांना हृदयाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये घालावं का?

नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे, आम्ही सिंहगड रोडला राहतो. इकोमध्ये ईएफ (हृदय एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते) ३५ टक्के आलं; जिना चढताना पहिल्याच मजल्यावर कठडा धरून थांबतात. डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या नव्या औषधाची ट्रायल सुचवली आहे. संमतीपत्र मराठीत आहे. बाबांनी चष्मा पुसून पुसून दोनदा वाचलं आणि 'प्लासिबो' (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली. त्यांना धास्ती एकच, चालू गोळ्या बंद करतील का?

सीटीआरआयवर (ट्रायल्सची सरकारी नोंदवही, ऑनलाइन असते) या ट्रायलची नोंद आहे, पाहिली. मधेच बाहेर पडता येतं. ट्रायलमुळे इजा झाली तर क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार उपचार मोफत.

पुण्यात कुणाच्या घरचं माणूस अशा ट्रायलमध्ये होतं का? फेऱ्या किती पडल्या, रिक्षाभाडं मिळालं का? शुक्रवारी सही आहे. त्याआधी डॉक्टरांना काय काय विचारू, कृपया सांगा.