दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वेलिंग्टन बॉम्बरचं एक इंजिन गेलं तर दुसऱ्यावर परत का येता येत नव्हतं?

भुसावळ_जंक्शन:
३१ डिसेंबर १९४०. लॉसीमाउथ तळावरून सरावाला निघालेलं वेलिंग्टन स्कॉटलंडच्या डोंगरांवर बर्फाच्या वादळात सापडलं आणि उजवं इंजिन थांबलं. विमानात आठ जण होते. सहा जणांनी उड्या टाकल्या, त्यातला मागचा गनर (शेपटीतला मशीनगनवाला) गेला. दोघा पायलटांनी विमान लॉख नेस तळ्यावर उतरवलं, ते वाचले. (१९८५ मध्ये ते तळ्यातून वर काढलं.) डावं इंजिन चालू होतं ना? मग?

घाटरस्ता:
भाऊ, अडचण बंद इंजिनाच्या पंख्याची. त्या मॉडेलवर फेदरिंग नव्हतं, म्हणजे पाती धारेवर आणून वाऱ्याला मोकळी वाट देता येत नव्हती. कन्नड घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की चाकं इंजिनाला फिरवतात आणि वेग तुटतो. इथे वारा पंख्याला फिरवतो, पंखा मेलेल्या इंजिनाला. उरलेल्या साधारण १००० अश्वशक्तीतली बरीच ही ओढ भरून काढण्यात जाते, वर पंखांवर बर्फ. उंची टिकत नाही. नाक वर धरून टिकवायला गेलात तर वेग पडतो, रडर (शेपटीचं सुकाणू) पुरत नाही आणि विमान बंद इंजिनाकडे कलंडतं. नवशिके इथेच जात.

अस्तंभा४३४७:
गनरचं सांगतो. टरेटमध्ये (गनर बसतो त्या फिरत्या बुरजात) पॅराशूट घालून बसायला जागाच नसे, पिशवी मागे धडात टांगलेली. टरेट सरळ करा, मागची दारं उघडा, पिशवी ओढून छातीच्या हुकांना लावा, टरेट आडवं फिरवा, मग पाठीवर बाहेर पडा. हायड्रॉलिकचा पंप बंद इंजिनावर असेल तर टरेट हाताने फिरवायचं, तेही अंधारात, जाड हातमोज्यांनी. या पोराला मात्र पॅराशूटनेच दगा दिला.

पण सरावातले सगळे अपघात इंजिनाचे नव्हेत. वाऱ्याचा अंदाज ताशी २० मैलांनी चुकला तर अर्ध्या तासात १० मैलांचा फरक. आपण तापीवर आहोत समजून ढगातून खाली यायचं आणि खाली सातपुडा! त्यात उंचीमापक निघतानाच्या हवेच्या दाबावर लावलेला. पुढे दाब १३ मिलिबार कमी असला तर तो साडेतीनशे फूट जास्त दाखवतो.

भुसावळ_जंक्शन:
मग चूक नेव्हिगेटरची (वाट आखणाऱ्याची) म्हणायची?

घाटरस्ता:
एकट्याची कशी? एकोणीस-वीस वर्षांची पोरं, लढाईतून काढलेली झिजकी विमानं. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे युद्धात ५५,५७३ मेले, त्यातले ८००० हून जास्त सरावात आणि अपघातांत. अपघाताच्या कार्डावर, फॉर्म ११८० वर, कारण एक-दोन ओळींत असतं. 'पायलटची चूक' दिसली की त्याच तारखेची तळाची रोजनिशी काढा, हवामान आणि त्या रात्री परत न आलेली बाकीची विमानं बघा.