क्लासिकल कॅथलिक हायस्कूलमध्ये मुलीला घालावं का? अनुभव हवे आहेत (डॅलस परिसर)

रानजाई:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक आठवीत आहे, येत्या ऑगस्टपासून हायस्कूल. आमच्या भागातलं पब्लिक हायस्कूल उत्तम आहे, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय मोजता येणार नाहीत इतके आणि महाराष्ट्र मंडळातली निम्मी मुलं तिथेच. तेव्हा खरं तर प्रश्न उभाच राहायला नको होता. पण लेकीची जिवलग मैत्रीण एका छोट्या कॅथलिक शाळेत चालली आहे. तिच्या ओपन हाउसला ही सोबत म्हणून गेली आणि घरी येऊन "मला इथेच जायचंय" म्हणून बसली. शाळेचं नाव इथे देत नाही. नववी ते बारावी मिळून शंभर-सव्वाशे मुलं असतील.

शाळा 'क्लासिकल लिबरल आर्ट्स' आहे. म्हणजे चारही वर्षं लॅटिन सगळ्यांना सक्तीचं. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि धर्म हातात हात घालून चालतात: नववीत ग्रीस, दहावीत रोम आणि सुरुवातीचे ख्रिस्ती, अकरावीत मध्ययुग, बारावीत आधुनिक काळ. भूमिती युक्लिडच्या मूळ ग्रंथावरून. चित्रकला आणि समूहगान सगळ्यांना, आवाज असो वा नसो. इलेक्टिव्ह (आपल्या निवडीचे विषय) जवळपास नाहीत, एपी नाही, कॉम्प्युटर सायन्स नाही, वर्गात लॅपटॉपही नाही. थिऑलॉजी दर वर्षी, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या शाळेचा मास, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना.

मैत्रीण हे एक कारण आहेच, पण मुलगी मुळात वाचणारी आहे, आणि त्या दिवशी तिने बघितलेल्या वर्गात मुलं तासभर एकाच पानावर भांडत होती म्हणे. ते तिला फार आवडलं.

नवऱ्याचं म्हणणं, लॅटिन शिकून पुढे करायचं काय, आणि एपीशिवाय इंजिनिअरिंगला कोण घेणार? धर्माचं मात्र त्याला काही वाटत नाही. तो स्वतः पुण्यात मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलाय, "आम्हाला कुठे काय झालं" हे त्याचं उत्तर. सासूबाईंचं बरोबर उलट. लॅटिनला त्यांची हरकत नाही, पण "पोरगी बाटवतील" हे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर. फी वर्षाला १४ हजार डॉलरच्या आसपास.

कोणाची मुलं अशा शाळेत गेली आहेत का? कोणी शिकवतं का? कृपया "आपली मुलं आणि आपली संस्कृती" यावर धागा नेऊ नका, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

चिंचपाणी:

एवढे पैसे मोजून मेलेली भाषा? घरी संस्कृत शिकवा, फुकट होईल. बाकी चालू द्या.

टेक्ससकर:

फक्त कॉलेज प्रवेशाबद्दल लिहितो, बाकी विषयात मला गती नाही.

टेक्सासात १९९७ च्या कायद्याने हायस्कूलच्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश आहे. यूटी ऑस्टिनला (टेक्सास विद्यापीठाला) वेगळी सवलत असल्यामुळे तिथला आकडा आता ५ टक्क्यांवर आलाय. कायदा खाजगी शाळांनाही लागू आहे, पण शाळा मान्यताप्राप्त हवी आणि मुख्य म्हणजे तिने मुलांना क्रमांक द्यायला हवेत. छोट्या खाजगी शाळा बरेचदा क्रमांक देतच नाहीत. दिले तरी पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात ५ टक्के म्हणजे एक मूल. याचा अर्थ प्रवेश मिळत नाही असा नाही. नेहमीच्या अर्जासारखा निबंध, गुण, शिफारशी बघून निर्णय होतो. पण आपोआप मिळणारं दार बंद झालं हे धरूनच चाला. हे सांगताना एक आठवण करून देतो: तुमच्या भागातल्या त्या प्रचंड हायस्कूलात वरच्या ५ टक्क्यांत येणं हीसुद्धा काही सोपी गोष्ट नाही.

एपीचा वर्ग शाळेत नसला तरी परीक्षा बाहेरून देता येते, ती घेणारी एखादी शाळा आपण शोधायची. कॅल्क्युलसची देणारी मुलं मला माहीत आहेत. चार वर्षं लॅटिन होणारच असेल तर एपी लॅटिनही आहे. कम्युनिटी कॉलेजात ड्युअल क्रेडिट (एकच विषय हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जातो) हा आणखी एक रस्ता. अशा शाळांतून सीएलटी नावाची कॉलेज प्रवेशाची परीक्षा फार ऐकू येईल, एसएटीला पर्याय म्हणून. २०१५ मध्ये सुरू झाली, २०२३ पासून फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं तिचे गुण प्रवेशासाठी धरतात. तरीही इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर एसएटी द्याच.

फीबद्दल: २०२५ मध्ये टेक्सासने खाजगी शाळेसाठी सरकारी पैसे देणारा कायदा केला, २०२६-२७ पासून लागू. मान्यताप्राप्त शाळा असेल तर मुलामागे वर्षाला साधारण १० हजार डॉलर. अर्ज जास्त आले की अपंगत्व आणि उत्पन्न बघून प्राधान्य. दोघं नोकरी करत असाल तर फार आशा ठेवू नका, पण अर्ज टाकायला काय जातंय.

खडूफळा:

रानजाई, मी मेरिलँडमध्ये अशाच एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मला पक्षपाती समजून वाच. कॅथलिक नाही, सोलापूरची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'क्लासिकल' ही पाटी कोणीही लावू शकतं, त्यावर कोणाचाही अंकुश नाही. आमच्याकडे हायट्सव्हिलची सेंट जेरोम शाळा २०१० मध्ये या वळणाला गेली. बंद पडायच्या बेतात होती, नंतर सावरली, आणि तिचं बघून देशभर बऱ्याच धर्मग्रामांच्या (एकेका चर्चच्या परिसराच्या) शाळांनी तोच कित्ता गिरवला. काहींनी मनापासून, काहींनी फक्त नवीन बोधचिन्ह आणि गणवेशावर कोट चढवून. त्यामुळे माहितीपत्रकावर जाऊ नकोस. व्याकरण, तर्क, वक्तृत्व असे तीन टप्पे त्यात छापलेले असतील आणि ते मध्ययुगापासून चालत आलेत असं सांगतील. विषय मध्ययुगीन आहेत हे खरं, पण ते मुलांच्या वयाच्या टप्प्यांशी जोडण्याची कल्पना १९४७ च्या एका इंग्रजी भाषणातली आहे. त्याने फरक काही पडत नाही, फक्त भारावून जाऊ नकोस.

युक्लिडचं सांगते, कारण तिथे मला बोलायचा हक्क आहे. पहिलीच कृती: दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढा. मोजपट्टीवर आकडे नाहीत, कोनमापक नाही, फक्त कंपास आणि सरळ कड. मुलाने फळ्याशी यायचं, हातात पुस्तक नाही, आणि एकेक पायरी का खरी ते सांगायचं. बाकीच्यांनी अडवायचं. "ही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात हे कशावरून?" असा प्रश्न दर वर्षी एखादं पोरगं विचारतंच, आणि गंमत म्हणजे युक्लिडने ते खरंच सिद्ध केलेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला दोन हजार वर्षं जुन्या पुस्तकातली फट सापडते, त्या दिवशी तिचा चेहरा बघावा. पायथागोरसपर्यंत, म्हणजे सत्तेचाळिसाव्या सिद्धांतापर्यंत, पोचायला आम्हाला हिवाळा उजाडतो. तुझ्या नवऱ्याला सांग, प्रोग्रॅमिंगला लागणारी शिस्त हीच. कोडिंगची भाषा मूल उन्हाळ्यात शिकतं.

आता वाईट बाजू. विज्ञान. छोट्या शाळांत प्रयोगशाळा म्हणजे कधीकधी एक सिंक आणि चार बीकर. भौतिकशास्त्र गणितासकट शिकवतात की 'विज्ञानाची कथा' सांगतात, हे विचार. कॅल्क्युलस आहे का, असेल तर कोण शिकवतं, आणि ती व्यक्ती सोडून गेली तर काय? आमच्याकडे एक वर्ष असंच पाण्यात गेलं होतं. इंजिनिअरिंगला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचे नुसते कॉलेजांची नावं लिहिलेले फलक बघू नका. त्यातल्या एखाद्याशी बोलायला मागा.

लॅटिनचंही तसंच. अकरावीतली मुलं रोमन कवी व्हर्जिल वाचतात की अजून विभक्तीचे तक्तेच चालवतात, ते वर्गात बसून बघ. आपल्या मुलांना यात थोडा फायदा आहे. 'देवः देवौ देवाः' ज्याच्या कानावरून गेलंय त्याला विभक्तीची भीती वाटत नाही, शिवाय लॅटिन नामांना द्विवचन नाही, तेवढं पाठांतर वाचलं. चिंचपाणी, घरी संस्कृत शिकवणं फुकट होतं हे मात्र मान्य नाही. आमच्या घरी पुस्तकं आली, धूळ बसली.

शेवटचं. वाचनयादी सगळी पाश्चात्त्य असेल. भारत बहुतेक अलेक्झांडरबरोबर एकदा येतो आणि परत जातो. त्याची भरपाई घरीच करावी लागते, शाळेकडून अपेक्षा ठेवू नकोस.

केळफूल:

रानजाई ताई, मी वसईचा, कॅथलिक, सध्या ह्यूस्टनला. धर्माच्या बाजूने लिहितो, कारण तुमच्या घरात दोन्ही पक्ष चुकीच्या शाळेबद्दल बोलत आहेत असं मला वाटतं.

तुमचे मिस्टर ज्या शाळेत गेले तिथली रीत मला माहीत आहे, आमच्याकडेही तीच. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला उठून जायची, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. फादर मुख्याध्यापक, भिंतीवर क्रूस, बाकी सगळं एसएससी बोर्ड. धर्म एका खोलीत, शिक्षण बाकीच्या खोल्यांत. तुम्ही जी शाळा सांगताय तिथे ही भिंतच नाही. संत ऑगस्टीन हा जुना ख्रिस्ती विचारवंत साहित्यातही आहे, इतिहासातही आणि थिऑलॉजीतही. दान्ते वाचायचा तर नरक, शुद्धिस्थान, स्वर्ग यांबद्दल चर्च काय म्हणतं ते वाचावंच लागतं. थिऑलॉजीचे गुण जीपीएमध्ये (एकूण सरासरीत) धरतात. म्हणून "आम्हाला कुठे काय झालं" हा दाखला इथे चालत नाही. तुमची मुलगी चार वर्षं एका श्रद्धेच्या आतून जगाकडे बघायला शिकेल. पटलं नाही तरी नीट शिकेल.

सासूबाईंची भीती मात्र वेगळी आहे आणि तिला उत्तर आहे. शाळेच्या पटावर नाव घातलं म्हणून कोणी बाप्तिस्मा देत नाही. चर्चमध्ये यायचं असेल त्याला धर्मग्रामात महिनोन्महिने तयारी करावी लागते, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत फादर आधी तुम्हालाच बोलावतील. मिस्सेला, म्हणजे त्या मासला, इतरांबरोबर उठायचं-बसायचं, ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घ्यायचा नाही. हवं तर छातीवर हात आडवे धरून रांगेत जायचं, फादर आशीर्वाद देतात. नाहीतर जागेवर बसून राहायचं. क्रूसाची खूण करायची की नाही, प्रार्थना मोठ्याने म्हणायची की नाही, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा. गोलमोल उत्तर आलं तर ती शाळा तुमच्यासाठी नाही. १९६५ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नावानिशी आदराने उल्लेख आहे. तो अकरावीच्या वर्गात वाचतात का, हेही विचारायला हरकत नाही. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

जाता जाता: फादर स्टीफन्स अशाच लॅटिन-वक्तृत्वाच्या शिक्षणातून घडलेले जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापलं. दोन परंपरा एका डोक्यात मावतात, एवढंच.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. केळफूल, "चुकीच्या शाळेबद्दल बोलत आहेत" हे वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, याचा विचार केला नव्हता. खडूफळा, गणिताच्या सरांना भेटायला तो स्वतः येणार आहे. सासूबाईंना मी उपासकाळातल्या (ईस्टरच्या आधीच्या) शुक्रवारी शाळेत मांसाहार नसतो एवढंच सांगितलं, तर विरोध एकदम निम्म्यावर आला.

पुढच्या आठवड्यात लेक तिथे एक पूर्ण दिवस वर्गात बसणार आहे. अजून एक शंका: वर्षभराने नाही जमलं तर पब्लिक हायस्कूलला परत येता येतं का? क्रेडिट वाया जातात का?

केळफूल:

शुक्रवारी मासे चालतात, हे सासूबाईंना इतक्यात सांगू नका.

टेक्ससकर:

परत येता येतं. शाळेची मान्यता टेपसॅकच्या (टेक्सासातल्या खाजगी शाळांच्या मान्यता आयोगाच्या) यादीतल्या संस्थेची आहे का, ते आधी बघा. असेल तर क्रेडिट सहसा विनातक्रार लागतात. नसेल तर स्कूल डिस्ट्रिक्ट विषयवार परीक्षा घेऊ शकतं. आणि नववीच्या शेवटीच निर्णय घ्या. दहावीनंतर आलात तर पब्लिकमध्ये गणिताची आणि विज्ञानाची गाडी पुढे गेलेली असते, आणि क्रमांकाचा हिशोबही बिघडतो. डिस्ट्रिक्टच्या समुपदेशकाला आत्ताच ईमेल टाका, उत्तर लेखी मिळेल असं बघा.