गुरामीत नर कोण, मादी कोण? तातडीने मदत हवी आहे

निळी_जास्वंद
परवापासून जीव टांगणीला लागलाय. ब्रीडिंगसाठी गुरामी माशांची जोडी वेगळ्या टँकमध्ये टाकली. कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटंही झालं, पण अंडी नाहीत. मोठा छोटीला नुसता हाणतोय. तिची शेपूट फाटलीय, हीटरच्या मागे दडून बसलीय, खायलाही येत नाही. नर-मादी नक्की ओळखायचे कसे? सगळीकडे "मादी फिकट असते" एवढंच वाचायला मिळतं, माझे दोघंही सारखेच निळे आहेत. कृपया लवकर सांगा.

जुना_छंदी
गुरामी कोणती? टँक केवढा, पाणी किती भरलंय? फिकट-गडद हे ड्वार्फ गुरामीला लागू पडतं. तिथे नर लाल-निळ्या पट्ट्यांचा आणि मादी रुपेरी असते. पर्लमध्ये नराचा गळा आणि छाती केशरी होते. हनीमध्ये विणीच्या वेळी नराचा गळा काळानिळा पडतो. जात कळल्याशिवाय काय सांगणार?

सिडकोकर
ताई, पाणी किती डिग्री आहे ते आधी बघा. नाशिकची डिसेंबरची रात्र आहे. हीटर असून उपयोग नाही, थर्मामीटर लावा. २६ ते २८ हवं. माझ्याकडे गेल्या वर्षी रात्री लाइट गेली, पहाटेपर्यंत पाणी इतकं गार झालं की घरटं सोडून नर तळाशी जाऊन बसला. तेव्हापासून थंडीत टँकभोवती थर्माकोल लावतो.

पाणीदार
एक चमचा खडेमीठ टाका. माझ्याकडे सगळ्या माशांना चालतं.

जुना_छंदी
मिठाने नर-मादी कळणार आहे का? आणि या माशांना विणीसाठी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी लागतं. उगाच काही टाकू नका, ताई.

पाणीदार
शेपूट फाटलीय म्हणून सांगितलं. वीस वर्षं मासे पाळतोय मी.

रानवाट
गप्पी घ्या ना त्यापेक्षा. नर रंगीत, मादी मोठी, अंड्यांची भानगडच नाही, थेट पिल्लं.

निळी_जास्वंद
गप्पी नकोत मला, आहेत त्यांचं सांगा. थ्री स्पॉट आहे, निळी. दुकानदाराने तीन दिले, म्हणाला यात जोडी नक्की आहे. त्यातले दोन मी वेगळे काढले. टँक दोन फुटांचा, काठोकाठ भरलेला, फिल्टर चालू. पाणी २५. आणि ठिपके दोनच आहेत, तिसरा दिसत नाही. मला दुसरीच जात दिली का?

सिडकोकर
जात तीच आहे. एक ठिपका अंगाच्या मध्यावर, एक शेपटीच्या मुळाशी आणि तिसरा म्हणजे डोळा.

मोगरा७
पोट बघा. मादीचं पोट गोल असतं. सोपं आहे.

जुना_छंदी
पोटावर जाऊ नका. भरपूर खाल्लेला नरही गोल दिसतो आणि अंडी न भरलेली मादी सडपातळ. पाठीवरचा पर (फिन) बघा, त्यावरून कळतं. नराचा लांब आणि टोकदार असतो, मिटला की टोक शेपटीच्या मुळापर्यंत पोचतं. मादीचा आखूड आणि गोलसर. मासा किमान अडीच-तीन इंचांचा असावा, लहानपणी सगळे सारखेच दिसतात.

मोगरा७
मी पोटावरूनच ओळखते आणि माझ्याकडे दोनदा पिल्लं झाली आहेत.

जुना_छंदी
वयात आलेली मादी असली तर पोटावरून कळतंच. पण यांच्याकडे मारामारी चालू आहे, इथे अंदाज नको.

कॉलेजरोड_०२
धागा पळवत नाही, पण एक विचारतो. माझ्या दोन गुलाबी किसिंग गुरामी सारख्या तोंडाला तोंड लावतात. ती जोडी समजायची का?

सिडकोकर
नाही, ती बहुतेक वेळा मारामारीच असते. त्यांच्यात बाहेरून नर-मादी कळतही नाही आणि ते घरटंही बांधत नाहीत, अंडी सोडतात ती तरंगत राहतात. नवा धागा काढ रे, इथे ताईंचा मासा मरायला टेकलाय.

निळी_जास्वंद
आत्ता टॉर्च घेऊन अर्धा तास टँकपुढे बसले होते. मोठ्याचा पर बाणासारखा टोकदार आहे. छोटी पर मिटूनच होती. मोठा अंगावर आला तेव्हा तिने फटकन उघडला. तोही टोकदार! फक्त टोक थोडं कुरतडलेलं आहे. म्हणजे दोन्ही नर?

जुना_छंदी
दोन्ही नर. घरटं बांधलेला नर दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. छोट्याला आधी बाहेर काढा, मग बाकीचं बोलू. तिसरा मासा कसा आहे?

निळी_जास्वंद
काढला, बादलीत ठेवलाय. तिसरीचं पोट फुगलंय म्हणून मी आजारी समजून तीन दिवस उपाशी ठेवलंय. तिचा पर आखूड आणि गोल आहे. वाईट वाटतंय फार.

मोगरा७
वरून बघा. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले असतील तर आजार. अंगाला सपाट चिकटलेले असतील आणि मासा हालचालीला ठीक असेल तर अंडी भरली आहेत.

निळी_जास्वंद
सपाट आहेत. खायला मागतेय.

जुना_छंदी
मग तीच मादी. छोट्या नराला मोठ्या टँकमध्ये सोडा. मादीला दोन दिवस चांगलं खायला द्या, जिवंत अळ्या मिळाल्या तर उत्तम. विणीच्या टँकमधलं पाणी सहा इंचांवर आणा, फिल्टर बंद करा, नाहीतर घरटं मोडतं. तरंगती झाडं भरपूर टाका, मादीला लपायला जागा हवी. वर काच झाका, घरट्यावरची हवा उबदार आणि दमट राहिली पाहिजे. अंडी झाली की मादीला लगेच बाहेर काढा.

पाणीदार
बदामाचं वाळलेलं पानही टाका, जंगली बदामाचं, धुऊन. आमच्या सोसायटीच्या दारात ढीग पडतो, पंचवटीत आलात तर घेऊन जा. नळाचं पाणी मात्र थेट वापरू नका, क्लोरीन उडायला एक दिवस उघडं ठेवा.

जुना_छंदी
पानाबद्दल सहमत.

निळी_जास्वंद
चौथ्या दिवशीची बातमी! काल दुपारी नराने घरट्याखाली तिला अंगाची कमान करून लपेटलं, दोघं तसेच थरथरत राहिले आणि अंडी वर तरंगत बुडबुड्यांत गेली. असं कितीतरी वेळा झालं. भरकटलेली अंडी तो तोंडात धरून परत वर फुंकत होता. मादीला संध्याकाळी काढलं, एक-दोन खवले गेलेत, बाकी ठीक आहे. आज दुपारी बारीक केसांसारखी पिल्लं शेपटी खाली सोडून घरट्याला लटकलीत. आता त्यांना खायला काय?

रानवाट
उकडलेल्या अंड्याचा बलक.

मोगरा७
बलकाने पाणी नासतं, माझी पहिली पिल्लं त्यातच गेली. कोबीचं पान बाटलीत कुजवून इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव तयार करा. ब्राइन श्रिंप (बारीक कोळंबीसारखे जीव) नंतर, आत्ता त्यांच्या तोंडात मावणार नाहीत.

रानवाट
सुईच्या टोकाएवढा दिला तर नासत नाही.

निळी_जास्वंद
कोबीची बाटली मी घरटं दिसलं त्याच दिवशी खिडकीत ठेवली होती. पाणी दुधाळ होऊन आता निवळायला लागलंय, थेंबथेंब सोडेन. नराला कधी काढू? तो अजून खाली पडणारं पिल्लू उचलून वर नेतोय.

जुना_छंदी
तोवर राहू दे त्याला. पिल्लं सुटी होऊन आडवी पोहायला लागली की त्याच दिवशी काढा, खाणंही तेव्हाच सुरू करा. २६-२७ डिग्रीला आणखी दोन-तीन दिवस लागतील. झाकण काढू नका.